कपबश्यांच्या मागावर : हेग, मिडलबर्ग, ग्रोनिंगेन

रविवार, ॲमस्टरडॅम

राइक्सम्युझियमचं तिकीट वेळ ठरवून काढावं लागतं. मी सकाळी नऊचं काढलं होतं. दहानंतर रेम्ब्रांटच्या चित्रासमोर जत्रा भरते आणि मला त्या बाजूला जायचंच नव्हतं. मला बघायच्या होत्या फुटक्या बश्या.

'विटे लेऊ' नावाचं डच ईस्ट इंडिया कंपनीचं जहाज १६१३ साली सेंट हेलेना बेटाजवळ पोर्तुगीज जहाजांशी झालेल्या चकमकीत बुडालं. ते जावातल्या बांतामहून मसाले घेऊन मायदेशी निघालं होतं. १९७६ मध्ये रोबेर स्तेनुई या बेल्जियन पाणबुड्याने ते शोधलं. जहाजावरच्या मालाची यादी शाबूत आहे. तिच्यात मिरी आहे, लवंग आहे, जायफळ आहे, हिरे आहेत. पोर्सेलीनचा, म्हणजे चिनी मातीच्या भांड्यांचा, उल्लेखच नाही. आणि समुद्राच्या तळाशी मात्र चिनी पोर्सेलीनचा खच! अख्खी भांडी थोडी, खापऱ्या असंख्य. कोणी लपवून आणली, कोणाच्या खासगी हिशेबात आणली, की कारकुनाला लिहिण्यासारखी वाटलीच नाहीत, यावर तज्ज्ञ बोलत असतात. मला तिसरी शक्यता आवडते. आवडण्याला पुरावा नसतो, हे कबूल.

या खापऱ्या ज्या प्रकारच्या आहेत त्याला 'क्राक' म्हणतात. बशीच्या कडेपासून मध्यापर्यंत पाकळ्यांसारखे कप्पे, प्रत्येक कप्प्यात एकेक फूल किंवा शुभचिन्ह, मधोमध हरीण नाहीतर खडकावर बसलेला पक्षी. सगळं निळ्यात. काचेला नाक लावून बघितलं तेव्हा कडेचे टवके दिसले. झिलई पातळ कडेला नीट धरत नाही, तिथून ती बारीक-बारीक उडते. चीनमधल्या जिंगदेझेन या भट्ट्यांच्या गावातल्या कारागिरांनी ही भांडी घाईत केली आहेत. हरणाचे पाय दोन फटकाऱ्यांत उरकलेत, एका बशीवर तर पाचवा पाय आहे की शेपूट हे ठरवता येईना. घाऊक माल आहे हा, आणि तो तसा दिसतो. मला त्यामुळेच तो जवळचा वाटतो.

वरच्या मजल्यावर सतराव्या शतकातला डच चित्रकार विलेम काल्फ याचं एक स्थिरचित्र आहे : चांदीची सुरई, अर्धवट सोललेलं लिंबू, चिनी वाडग्यात फळं. चित्र अप्रतिम आहे. पण पोर्सेलीनच्या इतिहासाचं जेवढं नुकसान अशा चित्रांनी केलं तेवढं चोरांनीही केलं नसेल. हे बघून वाटतं की चिनी वाडगा म्हणजे चांदीच्या पंगतीला बसणारी चीज. १६०० साली होती. काल्फ चित्र काढत होता तोवर लाखो नग येऊन पडले होते.

मुक्काम ॲम्स्टेलफेनला, मामेभावाकडे. तिथे आपली माणसं इतकी आहेत की कोथिंबीर मागायला बसची गरज नाही. भावजय रात्री म्हणाली, "ताई, उद्या डबा देते. तिथे दुपारी ब्रेड आणि चीजशिवाय काही मिळत नाही." तिचं म्हणणं पुढे आठवडाभर खरं ठरत गेलं.

सोमवार, डेल्फ्ट

सोमवारी निम्मी संग्रहालयं बंद, म्हणून डेल्फ्ट. कालवे, सायकली, वर्मीरच्या नावाचे चुंबक. गाव सुंदर आहे आणि त्याला ते माहीत आहे.

डेल्फ्टची निळी भांडी म्हणजे चिनी मालाचा तुटवडा पडल्यावर उघडलेलं दुकान. १६४४ मध्ये मिंग घराणं बुडालं, पुढे बरीच वर्षं चीनमध्ये लढाया चालल्या, जिंगदेझेनहून माल येईना. कंपनीने जपानकडे मोर्चा वळवला. अरिताच्या भट्ट्यांना १६५९ मध्ये पहिली मोठी ऑर्डर गेली. इकडे डेल्फ्टमध्ये बिअर गाळण्याचा धंदा उतरणीला लागला होता, त्या रिकाम्या जागांत कुंभार शिरले. आज चालू असलेला जुना कारखाना १६५३ चा आहे. त्यांच्याकडे पोर्सेलीनची माती नव्हती, खरं पोर्सेलीन कसं करतात हे युरोपात कोणालाच ठाऊक नव्हतं. साध्या मातीवर कथलाची पांढरी झिलई चढवायची आणि वर चिनी नक्षी काढायची, एवढं त्यांनी साधलं.

फरक टवक्यात कळतो. एका जुन्या वस्तूंच्या दुकानात मालकिणीने दोन फुटके तुकडे हातात दिले. डेल्फ्टच्या तुकड्याचा आतला भाग पिवळसर, मऊ, नखाने ओरखडा उठेल असा. झिलई वरून साय धरल्यासारखी वेगळी. चिनी तुकडा आरपार पांढरा, कडा काचेसारखी धारदार, माती कुठे संपते आणि झिलई कुठे सुरू होते ते सांगता येत नाही. काओलिन म्हणजे पांढरी चिनी माती आणि दगडाची पूड एकत्र करून साधारण तेराशे अंशांवर भाजल्याशिवाय हे होत नाही. गरम चहा ओतला तर डेल्फ्टचा पेला तडकायची भीती, चिनी पेल्याला काही होत नाही. युरोपला चहाची चटक लागल्यावर कोण जिंकणार हे यातच ठरलं.

मंगळवार आणि बुधवार, द हेग

राष्ट्रीय अभिलेखागार हेगच्या मध्यवर्ती स्टेशनाला चिकटून आहे. ट्रेनमधून उतरा, कोट आणि पिशवी कुलुपाच्या कपाटात ठेवा, पेन बाहेर, पेन्सिल आत. कंपनीची कागदपत्रं इथे बाराशे मीटरच्या आसपास आहेत, म्हणजे दप्तरं एकाला एक लावून उभी केली तर सव्वा किलोमीटर. बरीचशी स्कॅन झाली आहेत आणि घरबसल्या वाचता येतात. भावानेही विचारलं, "मग आलीस कशाला?" एकाच आठवड्यात कागदही बघायचे होते आणि त्या कागदांतला मालही. एक आज वाचलं आणि दुसरं चार वर्षांनी पाहिलं, की मधे तिसरंच काहीतरी डोक्यात बसतं.

जुनं डच हस्ताक्षर पहिल्या तासात अंगावर येतं. मोडी वाचणाऱ्यांना ही अवस्था समजेल. दुसऱ्या तासाला आकडे आपोआप दिसू लागतात, आणि व्यापाराच्या कागदांत आकडे दिसले की निम्मं काम झालं.

मला हवं होतं 'गेल्डरमाल्सेन' या जहाजाचं मालपत्रक. डिसेंबर १७५१ मध्ये ते चीनच्या कॅन्टन बंदरातून निघालं. ईशान्येचा वारा धरून दक्षिणेला यायचं, पुढे केप ऑफ गुड होप, मग हॉलंड. ३ जानेवारी १७५२ ला दक्षिण चीन समुद्रात ते खडकावर चढलं. जहाजावर ११२ माणसं होती, ३२ जण दोन होड्यांतून बाताव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला पोचले. बाकी ८० बुडाले.

माल असा : चहा ६,८६,९९७ पौंड. पोर्सेलीन २०३ पेट्या, एकूण २,३९,२०० नग. आणि सोनं.

पोर्सेलीनची फोड वाचताना मी खुर्चीत पुढे सरकले. चहाचे कप आणि बश्या ६३,६२३ जोड. कॉफीचे १९,५३५. चॉकलेट पिण्याचे ९,७३५. जेवणाच्या पसरट थाळ्या १४,३१५. चहाचा चोथा टाकायचे वाडगे २५,९२१. किटल्या मात्र फक्त ५७८. अख्खे डिनर सेट १७१. बिअरचे मग ८२१. पिकदाण्या २९९. माशांसाठीची भांडी ७५. आणि ओकारीची भांडी ६०६!

तुळशीबागेतला भांडेवाला दिवाळीच्या आधी असाच माल भरत असेल. या यादीत कुठेही 'सुंदर' नाही, 'दुर्मीळ' नाही. निळा किंवा रंगीत, केवढा, किती, काय भाव. कंपनीच्या संचालकांना कपबशी हवी होती कारण कपबशी खपते. घराण्याचं चिन्ह काढलेले सेट, मोठाल्या फुलदाण्या, चित्रं काढून मागवलेल्या खास वस्तू, हा जोखमीचा धंदा त्यांनी बराचसा कप्तानांच्या आणि अधिकाऱ्यांच्या खासगी व्यापारावर सोडून दिला होता. म्हणजे आज संग्रहालयात दिव्याखाली ठेवलेल्या बऱ्याच वस्तू मुख्य व्यापाराच्या काठावरच्या आहेत. मधला प्रचंड भाग कपबश्यांचा, आणि तो लोकांनी वापरून फोडून संपवला. १७२९ नंतरच्या साठ-पासष्ट वर्षांत एकट्या डच कंपनीने चार कोटींवर नग नेले. इंग्रज, फ्रेंच, स्वीडिश, डॅनिश वेगळे.

पेट्या जहाजात कुठे ठेवत हेही बोलकं आहे. सगळ्यात खाली पोर्सेलीन, वर चहा. तळाशी साचणाऱ्या पाण्याने चिनी मातीचं काही बिघडत नाही, वजनाने जहाज स्थिर राहतं आणि चहा कोरडा राहतो. या प्रवासात चहा हा पाहुणा होता आणि पोर्सेलीन त्याचं आसन.

बुधवारी नमुन्यांच्या चित्रांमागे लागले. कंपनी फार आधीपासून आकार पाठवत होती. १६३५ मध्ये तैवानमधल्या ठाण्यावरून चिनी व्यापाऱ्यांना लाकडी नमुने दिले गेले, कारण मिठाचं भांडं किंवा कान असलेला मग हे आकार जिंगदेझेनच्या कुंभारांच्या घरात नव्हतेच. १७५६ मध्ये चीनच्या व्यापारासाठी स्वतंत्र समिती नेमली गेली आणि तिच्या मागणीपत्रांत सूचना आणखी काटेकोर झाल्या. १७५८ च्या मागणीसोबतची चित्रं उरली आहेत : किटली, सूपचं झाकणाचं भांडं, बश्या, बाजूला क्रमांक. साध्या रेषा, सावल्या नाहीत. कंपनीच्या कोणा कारकुनाने काढलेली रेघ आधी कॅन्टनला, तिथून नद्यांनी आणि मेइलिंगच्या घाटातून जिंगदेझेनला आणि भांडं होऊन त्याच वाटेने परत. एका मागणीला दोन वर्षं सहज लागत.

जेवणाच्या सुट्टीनंतर जरा वाट सोडली. मूळची वेंगुर्ल्याची असल्यामुळे मोह आवरला नाही. १६३७ पासून डचांची वखार आमच्या गावात होती. तिच्या पडक्या भिंती आजही आहेत, लहानपणी आम्हाला तिकडे संध्याकाळी जायची बंदी होती. त्या वखारीतून गेलेली पत्रं याच दप्तरांत आहेत. गोव्याच्या पोर्तुगीजांवर नजर ठेवणं हे तिचं मोठं काम, आणि पुढे शिवाजी महाराजांच्या हालचालींच्या बातम्याही तिथून बाताव्हियाला जात. यादीत 'विंगुर्ला' दिसलं की हात थांबतो. पण तो दुसऱ्या फेरीचा विषय. पाच वाजता दिवे मालवतात आणि विनवण्या चालत नाहीत.

गुरुवार, मिडलबर्ग

झीलंड प्रांतात, ॲमस्टरडॅमपासून ट्रेनने अडीच तासांवर. वाटेत पाऊस, गायी, पुन्हा पाऊस. मे १९४० मध्ये गावाचा मधला भाग जळाला, नंतर जुन्या धर्तीवर पुन्हा बांधला. नगरभवनाची नक्षीदार दर्शनी बाजू बघून घेतली आणि धक्क्यावर गेले.

इथे यायचं कारण गोवा. 'सांत इयागु' हे कराक जातीचं मोठं पोर्तुगीज मालवाहू जहाज गोव्याहून लिस्बनला निघालेलं. मार्च १६०२ मध्ये सेंट हेलेनाजवळ झीलंडच्या जहाजांनी ते तीन दिवसांच्या लढाईनंतर पकडलं आणि माल मिडलबर्गला आणून विकला. त्यात चिनी पोर्सेलीन होतं. हॉलंडच्या बाजारात चिनी भांड्यांचा मोठा साठा पहिल्यांदा उतरला तो असा, लुटीतून. पुढच्याच वर्षी सिंगापूरजवळ 'सांता कातारिना' पकडली गेली. तिच्यावर लाखाच्या घरात नग होते. १६०४ च्या ॲमस्टरडॅमच्या लिलावात फ्रान्सच्या चौथ्या हेन्रीने त्यातलं पोर्सेलीन घेतलं. ज्याची चव राजाने घेतली ती व्यापाऱ्यांनी कशी सोडावी?

'सांत इयागु'वर फ्रान्चेस्को कार्लेत्ती नावाचा फ्लोरेन्सचा व्यापारी होता. पृथ्वीप्रदक्षिणा करत जपान, मकाव करून तो गोव्यात आला, तिथे बराच काळ राहिला आणि मकावमध्ये घेतलेल्या पोर्सेलीनसह सगळी कमाई घेऊन या जहाजात चढला. सगळं गेलं. त्याचं म्हणणं, मी पोर्तुगीज नाही, माझा माल परत द्या. तस्कनीच्या ग्रँड ड्यूकने शिफारस केली, वर्षानुवर्षं खटला चालला, हाती किरकोळ रक्कम आली. १६०६ मध्ये तो घरी पोचला. त्याने ड्यूकला सांगितलेल्या हकिगतीत मकावमध्ये पोर्सेलीन किती स्वस्त मिळतं याचं अप्रूप आहे. सगळं गमावलेला माणूसही खरेदीचा भाव विसरत नाही.

गेल्डरमाल्सेनही याच गावचं. कंपनीच्या झीलंड शाखेसाठी ते बांधलं गेलं आणि मालही इथेच उतरायचा होता. म्हणजे या धक्क्यावर गोव्याहून निघालेलं, दुसऱ्याचं पोर्सेलीन पोचलं आणि दीडशे वर्षांनी स्वतःचं आलंच नाही. धक्क्यावर आता खासगी बोटी उभ्या असतात. वारा इतका होता की छत्री उलटी झाली. गरम सूप पिऊन परत फिरले.

शुक्रवार

घरी बसून टिपणं काढली. पाऊस थांबला नाही. भावजयीने थालीपीठ लावलं.

शनिवार, लेउवार्डन

फ्रीसलंडमध्ये पाट्याही दोन भाषांत. प्रिन्सेसेहोफ हे मातीच्या भांड्यांचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. शेजारी ओल्डेहोवे नावाचा पिसाच्या मनोऱ्यासारखा कललेला, अर्धाच बांधून सोडलेला बुरूज. वाडा मारी लुईझ या विधवा राजकन्येचा, ती इथे १७३१ पासून राहिली. तिचं दालन पोर्सेलीनसह ठेवलंय. चित्रकार एशरचा जन्म याच इमारतीतला, १८९८ चा.

राजकन्येच्या दालनात मी पाच मिनिटं थांबले असेन. दिवस गेला तो झांगझोऊच्या थाळ्यांत. ही फुजियान प्रांतातली भांडी, पूर्वी त्यांना 'स्वातोव' म्हणत. जिंगदेझेनच्या मानाने जाड, जड, रांगडी. रंग सांडलेले, वर्तुळं हाताला येतील तशी. एक थाळी पालथी मांडली आहे : बुडाच्या कड्याला भट्टीतली वाळू जशीच्या तशी चिकटलेली, खडीसाखरेएवढे दाणे. भांडं भट्टीच्या तळाला चिकटू नये म्हणून वाळू पसरायचे आणि नंतर घासून काढायची तसदी घ्यायचे नाहीत. अशा थाळीने सागवानी टेबलावर चरे पडतील. पण ती टेबलासाठी नव्हतीच. जावा, सुमात्रा, बोर्निओत चटईवर ठेवून भोवती बसून खायची ही थाळी. काहींवर अरबी लिपीत मजकूर आहे, गिऱ्हाईक मुसलमान होतं म्हणून.

युरोपात बसून या व्यापाराचा इतिहास लिहिणारे आग्नेय आशियाला दोन परिच्छेद देतात. खरं तर चिनी भांड्यांचं जुनं, भरवशाचं गिऱ्हाईक आशियाच होता. डच कंपनीसुद्धा सुरत, मोखा, इराण इथे चिनी माल विकत होती. युरोपात गेलेला माल मोजून लिहिला गेला, चिनी आणि मलय होड्यांतून गेलेला नाही, एवढाच फरक. इथल्या कितीतरी थाळ्या डच अधिकाऱ्यांनी इंडोनेशियातल्या घरांतून गोळा केलेल्या आहेत. तिथे त्या तीनशे वर्षं जपल्या गेल्या होत्या. हॉलंडमध्ये फुटल्या असत्या.

रविवार, ग्रोनिंगेन

लेउवार्डनहून छोट्या गाडीने तासाभरात. ग्रोनिंगर म्युझियम स्टेशनासमोर पाण्यात उभं आहे, सोनेरी मनोरा आणि रंगीबेरंगी खोके, वास्तुकार मेंदिनीच्या आराखड्याचं, १९९४ चं. बाहेरून मला सहन झालं नाही. आत गेल्डरमाल्सेनचा माल आहे.

कप बघितले. बाहेरून कॉफीच्या रंगाची तपकिरी झिलई, आतून निळी फुलं. व्यापारात याला बाताव्हियाचा माल म्हणत. काहींची चमक खाऱ्या पाण्याने गेली आहे, बोट फिरवलं तर खरखरीत लागेल अशी. शेजारचा कप कालच भट्टीतून निघावा तसा, कारण तो चहाच्या ढिगाखाली गाडला गेला होता. खाली ठेवलेल्या मालाला वरच्या चहाने सव्वादोनशे वर्षं वाचवलं. मंगळवारच्या टिपणातला आकडा काढून त्या कपापुढे उभी राहिले : ६३,६२३ मधला एक.

बुडालेल्या जहाजांतला माल काढून विकणाऱ्या माइक हॅचरने १९८५ मध्ये हे जहाज उपसलं. उपसलं हाच शब्द बरोबर आहे. जहाजाचा सांगाडा, पेट्यांची मांडणी, काहीही नीट नोंदलं नाही; विकण्यासारखं ते वर काढलं. १९८६ मध्ये ॲमस्टरडॅमला क्रिस्टीज या लिलावघराने 'नानकिंग कार्गो' या नावाखाली दीड लाखाच्या आसपास नगांचा लिलाव केला, रांगा लागल्या. सोन्याच्या शंभरावर लगडीही निघाल्या. त्यातून एक जुना आळ मात्र पुसला गेला : वाचलेल्यांपैकी ख्रिस्तोफेल फान डाइक या खलाशांच्या मुकादमावर बाताव्हियात सोनं लांबवल्याचा संशय घेतला होता. सोनं तिथेच होतं.

जहाजाची ओळख पटवण्यात याच संग्रहालयातले अभ्यासक क्रिस्तियान यॉर्ग यांनी हेगचे कागद आणि हे कप एकमेकांना भिडवले. काम उत्तम आहे, मी त्याच्यावरच उभी आहे. तरीही अशा उपशातला माल सार्वजनिक संग्रहालयाने घ्यावा का? पुरातत्त्ववाल्यांनी तेव्हाच आक्षेप घेतला होता आणि मला तो पटतो. मालपत्रक शाबूत असलेलं जहाज होतं ते. पेटी क्रमांकवार उघडली असती तर कॅन्टनच्या कोणत्या दुकानदाराचा माल कुठे रचला, कोणत्या पेटीत चांगल्याखाली वाईट भरला, हे कळलं असतं. आता आपल्याकडे कप आहेत आणि यादी आहे. मधलं सगळं गेलं.

संग्रहालयाच्या दुकानाबाहेर एका गृहस्थाने त्याच्या आजीची बशी दाखवली, फोनवरच्या फोटोत. बुडाला लिलावाची गोल चिकटपट्टी अजून आहे. "अशा मिळतात अजून, महाग नाहीत," तो म्हणाला. भावजयीला रात्री सांगितलं तर तिचा पहिला प्रश्न, "घ्यायची ना मग एक?" नाही घेणार.

त्या लिलावाला चीन सरकारने दोन तज्ज्ञ पाठवले होते, तीस हजार डॉलर देऊन. बोली इतकी वर गेली की त्यांना एकही नग घेता आला नाही. ते रिकाम्या हाताने बीजिंगला परतले आणि १९८७ मध्ये चीनने स्वतःचा सागरी पुरातत्त्व विभाग सुरू केला.